मेनोनाइट: पंथ, जात की वतन?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मूळची सांगलीची. कॅनडात मॅनिटोबा प्रांतात स्टाइनबाख गावी वृद्धाश्रमात नर्स आहे. इथल्या निम्म्या आजी-आजोबांची आडनावं फ्रीझन, पेनर, राइमर अशी. एक आजी सांगतात, 'मी मेनोनाइट, पण चर्चची पायरी चढून चाळीस वर्षं झाली.' परवा तेलंगणातल्या महबूबनगरचा माझा सहकारी त्यांना म्हणाला, 'आजी, मीसुद्धा मेनोनाइट.' आजी बघतच राहिल्या आणि मग विचारलं, 'पण तू कोणाकडचा?' सर, मेनोनाइट ही जात आहे, पंथ आहे की देश? आणि या दोघांतलं खरं मेनोनाइट कोण?"

आजींचा प्रश्न तुम्हाला परका वाटायला नको. आडनाव काय, गाव कोणतं, मूळचे कुठले, अशा तीन पायऱ्यांत आपणही नव्या माणसाला एखाद्या खणात बसवतोच. तिकडे याला गमतीने 'मेनोनाइट खेळ' म्हणतात. दोन अनोळखी पेनर भेटले की पाच मिनिटांत कोणाची आत्या कोणाच्या घरात दिली होती इथपर्यंत पोचतात. तुमचा सहकारी या खेळात एकदम मधूनच उतरला, म्हणून आजी गोंधळल्या.

पुण्यात चर्चचा इतिहास शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, आणि मेनोनाइटांवर दर वर्षी वर्गात हाच वाद होई. मी आता जे उत्तर देतो ते सुरुवातीच्या वर्षांत देत नव्हतो. तेव्हा म्हणायचो: पाश्चात्त्य देशांत ती जात झाली, आपल्याकडे आणि आफ्रिकेत तो पंथ राहिला. वाक्य सुटसुटीत आहे, पण छत्तीसगडमधल्या धमतरीला चार वेळा जाऊन आल्यावर ते टिकलं नाही. आता म्हणतो: हा पंथ म्हणून जन्मला आणि सनदांनी त्याची जात केली. जिथे सनद, जमीन आणि सवलत मिळाली तिथे तिथे हे झालं, मग माणसं गोरी असोत की सावळी. मराठी माणसाला हे समजावायला 'वतन' हा एक शब्द पुरतो.

पण जन्मापासून सुरुवात करू, कारण त्यातच सगळी गंमत आहे.

२१ जानेवारी १५२५. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये एका घरात काही तरुण जमले. कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला. दोघांचाही लहानपणी रीतसर बाप्तिस्मा झालेला होता. त्यांचं म्हणणं इतकंच, की आठ दिवसांच्या बाळाला विश्वास ठेवता येत नाही, तेव्हा तो बाप्तिस्मा धरायचा नाही. ज्याने त्याने कळत्या वयात स्वतः होकार द्यायचा. आज हे साधं वाटतं. त्या काळी मात्र बाळाचा बाप्तिस्मा म्हणजे जन्मनोंदणीच होती. गावात जन्मला तो चर्चचा, चर्चचा तो राजाचा, आणि राजाचा तो गरज पडली की सैन्याचा. 'मी जन्माने ख्रिस्ती नाही, मी निवड केली' असं म्हणणं म्हणजे या साखळीची पहिलीच कडी तोडणं. म्हणून विरोधकांनी त्यांना अॅनाबाप्टिस्ट, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे, असं नाव ठेवलं. त्यांच्यापैकी फेलिक्स मांझला ५ जानेवारी १५२७ रोजी लिमात नदीत बुडवून मारलं. पाण्याचा गुन्हा, पाण्याचीच शिक्षा. मारणारं सरकार कॅथलिकांचं नव्हतं, सुधारणावाद्यांचं, म्हणजे प्रोटेस्टंटांचं होतं, हे विद्यार्थ्यांना मी मुद्दाम सांगायचो. १५२९ मध्ये जर्मनीतल्या श्पायरच्या सभेने तर पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्याला मृत्युदंड हा साऱ्या पवित्र रोमन साम्राज्याचा कायदाच केला.

श्लाइटहाइम इथे १५२७ मध्ये मायकेल सॅटलरच्या पुढाकाराने त्यांनी सात कलमं मान्य केली. त्यातली दोन आजही त्यांना ओळखायला पुरतात: तलवार हाती धरायची नाही आणि शपथ घ्यायची नाही. दोन्ही मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनातून आलेली. सॅटलरला तीन महिन्यांतच जिवंत जाळलं.

मग मेनो कुठून आला? मेनो सायमन्स हा नेदरलँड्समधल्या फ्रीसलंड भागातला कॅथलिक पाळक, जन्म १४९६. १५३१ मध्ये लेउवार्डेन शहरात एका शिंप्याचा पुन्हा बाप्तिस्मा घेतला म्हणून शिरच्छेद झाला. दुसरा बाप्तिस्मा ही काय भानगड आहे, असा प्रश्न मेनोला तेव्हा पहिल्यांदा पडला. त्यानंतर १५३४-३५ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात काही अॅनाबाप्टिस्टांनी तलवारीच्या जोरावर सत्ता घेतली, बहुपत्नीत्व लादलं आणि शेवटी रक्ताचे पाट वाहिले. या धक्क्यानंतर १५३६ मध्ये मेनोने पाळकपद सोडलं आणि विखुरलेल्या, घाबरलेल्या लोकांना अहिंसेच्या बाजूला गोळा केलं. पंथाचा संस्थापक तो नव्हे, मोडलेला डाव सावरणारा होता. आणि 'मेनोचे लोक' हे नावही त्यांनी स्वतः घेतलेलं नाही. पूर्व फ्रीसलंडच्या काउंटेस अॅनाच्या दरबारी कागदांत ते १५४४-४५ च्या सुमारास दिसतं. म्युन्स्टरवाले वेगळे आणि हे निरुपद्रवी वेगळे, ही फोड तिला करायची होती. म्हणजे नावच मुळी सरकारी वर्गवारीतून आलेलं. हे लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. डर्क विलेम्स हा आस्पेरेन गावचा. तुरुंगातून चिंध्यांचा दोर करून निसटला आणि गोठलेल्या पाण्यावरून पळत सुटला. तुरुंगातलं अन्न खाऊन हलका झालेला, म्हणून बर्फाने त्याला पेललं. पाठलाग करणारा पहारेकरी मात्र बर्फ फुटून आत गेला. डर्क मागे फिरला, त्याने त्याला हात देऊन बाहेर ओढलं, तिथेच पकडला गेला आणि १६ मे १५६९ रोजी जाळला गेला. हे चित्र तुमच्या आजींनी लहानपणी नक्की पाहिलेलं असणार. १६६० मध्ये डच भाषेत निघालेल्या जाडजूड हुतात्मा-ग्रंथाच्या १६८५ च्या आवृत्तीत यान लाइकेनने ते कोरलं, आणि तो ग्रंथ कित्येक मेनोनाइट घरांत बायबलशेजारी असे. चर्च सुटलं तरी डर्क सुटत नाही. आजींच्या 'मी मेनोनाइट' म्हणण्यात थोडा डर्क असतो.

आता सनदांकडे.

छळापासून पळालेले डच आणि फ्लेमिश मेनोनाइट सोळाव्या शतकातच पोलंडच्या राज्यात, डॅन्झिगजवळ (आजचं ग्दान्स्क) व्हिस्तुला नदीच्या मुखाशी जाऊन राहिले. ती जमीन दलदलीची. बांध घालायचे, पाणी उपसायचं, जमीन काढायची, ही विद्या त्यांना घरूनच आलेली. जमीनदारांनी त्यांना खुशीने ठेवून घेतलं. तिथे दोनेक शतकांत डच भाषा मागे पडली. घरात तिथली लो जर्मन बोली आली, तीच आज प्लाउटडीच म्हणून ओळखली जाते, आणि चर्चमध्ये प्रमाण जर्मन. म्हणजे तुमच्या आजींची 'मूळ' भाषा ही मूळची नाहीच, वाटेत लागलेली आहे. कोकणातून बडोद्याला गेलेल्या घराण्यांच्या मराठीचं काय होतं ते आपण पाहतोच.

१७७२ मध्ये पोलंडची पहिली फाळणी झाली आणि हा भाग प्रशिया या जर्मन राज्याकडे गेला. प्रशियात जमीन आणि सैन्यभरती एकमेकांत गुंतलेली. फ्रेडरिक राजाने १७८० मध्ये सनद दिली: सैन्यात येऊ नका, त्याऐवजी कुल्मच्या लष्करी शाळेला दर वर्षी ५,००० थालेर (चांदीची नाणी) भरा. अहिंसेची किंमत लष्करी शाळेची फी! यावर वर्गात नेहमी हशा पिकायचा. मग १७८९ मध्ये नव्या राजाने त्यांच्या जमीनखरेदीवर निर्बंध घातले, कारण मेनोनाइटाने विकत घेतलेलं प्रत्येक शेत म्हणजे सैन्याचा एक जवान कमी. सवलत जन्माने मेनोनाइट असलेल्यांना, बाहेरून येणाऱ्याला नाही. राज्याला मर्यादित संख्या हवी होती, खुलं दार नको होतं.

त्याच सुमारास रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दक्षिणेकडची, आजच्या युक्रेनमधली, नवी जिंकलेली जमीन वसवायला माणसं शोधत होती. १७८९ मध्ये नीपर नदीकाठी खोर्टित्सा ही वसाहत झाली, १८०४ मध्ये मोलोच्ना. पॉल झारने १८०० मध्ये लेखी सनद दिली: सैन्यातून कायमची सूट, धर्मस्वातंत्र्य, स्वतःच्या शाळा, आणि कुटुंबागणिक ६५ देस्यातिन जमीन, म्हणजे साधारण पावणेदोनशे एकर. अट जुनीच होती, ऑर्थोडॉक्स ख्रिस्त्यांना आपल्या पंथात घ्यायचं नाही.

म्हणजे झालं काय पाहा. ज्या पंथाचा पाया 'जन्माने कोणी नसतो, निवडीने असतो' हा, त्याच्या आत यायला आता जन्म हाच एक रस्ता उरला. बाप्तिस्मा कळत्या वयातच व्हायचा, विधी तोच. पण बाप्तिस्मा घेणारा प्रत्येक जण फ्रीझन नाहीतर पेनर. लग्न करायचं तर मंडळीतल्याशी, बाप्तिस्म्याशिवाय लग्न नाही. तेव्हा एकविशीच्या आसपास गावातली सगळी मुलं एकदम 'निवड' करू लागली. यालाच मी वतन म्हणतो. वतनदाराचा मुलगा वतनदार. वतन कशासाठी दिलं होतं हे विसरलं तरी सनद पेटीत जपून ठेवलेली.

आणि वतन म्हटलं की भाऊबंदकी आलीच. सनदेतली जमीन न तोडता एकाच वारसाकडे जायची, त्यामुळे १८६० पर्यंत मोलोच्नात निम्म्याहून जास्त कुटुंबं भूमिहीन झाली होती, आणि ज्याला शेत नाही त्याला ग्रामसभेत मत नाही. अहिंसावादी, विधी म्हणून एकमेकांचे पाय धुणाऱ्या लोकांच्या गावात ही अवस्था. त्याच गावांमधून ६ जानेवारी १८६० रोजी अठरा कुटुंबप्रमुखांनी फुटून मेनोनाइट ब्रदरन ही वेगळी मंडळी काढली. नुसत्या चालीरीतीने आलेला विश्वास नको, आतून बदल हवा, असं त्यांचं म्हणणं. जुन्या वडिलांनी उत्तर दिलं ते शास्त्रातलं नव्हतं, दप्तरातलं होतं: तुम्ही आमच्यातून निघालात, तर तुम्ही मेनोनाइट उरला नाहीत. म्हणजेच जमीन आणि सैन्याची सूट, दोन्ही गेलं. फुटलेल्यांचा एक पुढारी, योहानेस क्लासेन, सेंट पीटर्सबर्गला अर्ज घेऊन खेटे घालत राहिला, आणि १८६४ मध्ये सरकारने मान्य केलं की हेही मेनोनाइटच. मेनोनाइट कोण, हे झारच्या कार्यालयाने ठरवलं! माझ्या मते साऱ्या मेनोनाइट इतिहासात यापेक्षा बोलका प्रसंग नाही.

तुमचा महबूबनगरचा सहकारी बहुधा याच मेनोनाइट ब्रदरन मंडळीचा. तिकडे मी येतोच.

१८७४ मध्ये रशियाने सैन्यसेवा सर्वांना सक्तीची केली. पर्याय म्हणून वनखात्यात काम देऊ केलं. पुष्कळांनी ते घेतलं, पण सुमारे अठरा हजार लोक उठून उत्तर अमेरिकेला गेले, काही कॅन्सस-नेब्रास्काकडे, काही मॅनिटोबाला. स्टाइनबाख १८७४ चंच. कॅनडा सरकारनेही १८७३ मध्ये लेखी आश्वासन दिलं होतं: राखीव जमीन, सैन्यातून सूट, स्वतःच्या शाळा. फक्त एक गोम राहिली. शिक्षण हा कॅनडात प्रांताचा विषय, ते आश्वासन केंद्राने दिलेलं. १९१६ मध्ये मॅनिटोबाने इंग्रजी शाळेत हजेरी सक्तीची केली, तेव्हा जुन्या वळणाच्या लोकांनी काय केलं असेल? नवी सनद शोधली. मेक्सिकोचे अध्यक्ष ओब्रेगॉन यांनी १९२१ मध्ये ती दिली, आणि १९२२ पासून गाड्या भरभरून माणसं, गाई आणि नांगर चिवावा राज्यात गेले. आज मेक्सिकोत 'मेनोनाइट' म्हटलं की लोकांना आधी चीज आठवतं, मग बाप्तिस्मा. तिथे तो शब्द वंशाचाच आहे.

पॅराग्वेनेही १९२१ मध्ये असाच कायदा करून त्यांना बोलावलं. १९२७ मध्ये मेनो वसाहतीत पोचण्याआधी नदीकाठच्या छावणीत वाट पाहता पाहता दीडशेहून अधिक माणसं, बरीचशी लहान मुलं, रोगराईने दगावली. पुढे चाको नावाच्या त्या काटेरी रानात त्यांनी दुधाचे सहकारी उद्योग उभे केले. त्यांचं कौतुक जरूर करावं. पण ते रान रिकामं नव्हतं. तिथे एन्ल्हेत आणि निवाक्ले लोक आधीपासून राहत होते. त्यांच्यातही पुढे मेनोनाइट मंडळ्या झाल्या. जर्मन बोलणारा मेनोनाइट शेतमालक आणि एन्ल्हेत बोलणारा मेनोनाइट मजूर, विश्वास एक, पण मंडळ्या वेगळ्या. यावर मी जास्त बोलत नाही. आपल्याकडे ख्रिस्ती दफनभूमीत जातवार रांगा पाहिलेल्या माणसाला ते समजतं.

रशियात मागे राहिलेल्यांवर काय आलं ते आजींच्या घराण्यात कदाचित दबक्या आवाजात सांगितलं जात असेल. १९१७ च्या क्रांतीनंतरच्या यादवी युद्धात अराजकवादी पुढारी माख्नोच्या टोळ्यांनी गावं लुटली, कत्तली केल्या. तेव्हा काही मेनोनाइट तरुणांनी बंदुका हाती घेऊन संरक्षण दल उभारलं आणि चारशे वर्षांचं व्रत मोडलं. दुष्काळ पडला. त्या भुकेल्यांना अन्न पोचवायला अमेरिकेतल्या मंडळ्यांनी १९२० मध्ये मेनोनाइट सेंट्रल कमिटी काढली. १९२३ ते १९३० या काळात सुमारे वीस हजार लोक कॅनडात आले. आधी आलेल्यांनी त्यांना 'रुसलेंडर' म्हटलं, यांनी त्यांना 'कनाडियर'. एकाच आडनावाची माणसं एकमेकांना अडाणी नाहीतर शिष्ट म्हणत होती.

दुसऱ्या महायुद्धाचा भाग सर्वांत अवघड. युक्रेनवर नाझी जर्मनीचा ताबा असताना मेनोनाइटांना 'जर्मन वंशाचे' म्हणून वेगळी वागणूक मिळाली आणि काहींनी त्या राजवटीची कामंही केली. डॅन्झिगजवळच्या श्टुटहोफ छळछावणीतल्या कैद्यांची मजुरी आसपासच्या काही मेनोनाइट शेतकऱ्यांनी वापरली. हे बरीच वर्षं कोणी बोलत नव्हतं. गेल्या काही दशकांत त्यांच्याच इतिहासकारांनी ते बाहेर काढलं आहे. १९४३ मध्ये जर्मन सैन्याबरोबर पश्चिमेकडे निघालेले हेच लोक युद्धानंतर निर्वासित म्हणून उभे राहिले, तेव्हा मेनोनाइट सेंट्रल कमिटीने दोस्त राष्ट्रांना सांगितलं की हे जर्मन नव्हेतच, मूळचे डच आहेत. १९४७ मध्ये 'फोलेंडाम' जहाजातून त्यांना पॅराग्वेला नेलं. चार वर्षांत वंश बदलला. लबाडी म्हणून हसण्याआधी थोडं थांबा. बंद दारापुढे उभा असलेला माणूस दारवाल्याला जे नाव चालतं तेच सांगतो.

आता भारत.

मेनोनाइट ब्रदरन मंडळीचे अब्राहम आणि मारिया फ्रीझन हे दांपत्य १८८९-९० मध्ये रशियातून निजामाच्या राज्यात नलगोंड्याला आलं, अमेरिकन बाप्तिस्त मिशनच्या साथीने. म्हणजे ज्यांना स्वतःच्या देशात शेजाऱ्याला बाप्तिस्मा देण्याची बंदी, ते तेलुगू माणसाला बाप्तिस्मा द्यायला हजारो कोस आले! १८९९ मध्ये अमेरिकेतल्या ब्रदरन मंडळीनेही माणसं धाडली आणि पुढे महबूबनगर हे मोठं ठाणं झालं. मंडळीत आले ते मुख्यतः माला आणि मादिगा या दलित समाजांतले. आज तेलुगू मेनोनाइट ब्रदरन लाखाहून जास्त आहेत. सहकाऱ्याच्या मंडळीची वंशावळ थेट १८६० च्या मोलोच्नाला जाते. कदाचित आजींच्या स्वतःच्या मंडळीपेक्षाही सरळ, कारण स्टाइनबाख वसवलं ते 'क्लाइने गेमाइंडे' या १८१२ च्या सुमाराला फुटलेल्या वेगळ्याच गटाने. हे आजींना सांगून पाहा.

पण एक लक्षात घ्या. कॅनडाच्या जनगणनेत वांशिक मूळ म्हणून लोक 'मेनोनाइट' लिहितात. सहकाऱ्याच्या कागदावर ते कुठेच बसत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. तेलंगणात धर्मांतरित अनुसूचित जातींना मागासवर्गीय 'क' गटात टाकलं आहे. आजींना चर्च सोडूनही मेनोनाइट राहता येतं. सहकाऱ्याला मेनोनाइट राहण्यासाठी दाखल्यावर किंमत मोजावी लागते. मूळच्या अर्थाने, म्हणजे १५२५ च्या अर्थाने, कोण जास्त मेनोनाइट, हे तुम्हीच ठरवा.

आणि तरीही सुरुवातीला म्हटलं तसं, भारतात तो शुद्ध पंथ राहिला असं मी म्हणणार नाही. धमतरी पाहा. आज छत्तीसगडमध्ये, तेव्हा मध्य प्रांतात, राजधानी नागपूर. १८९७ च्या दुष्काळात अमेरिकन मेनोनाइटांनी धान्य पाठवलं आणि १८९९ मध्ये जेकब रेस्लर आणि डॉक्टर पेज दांपत्य धमतरीत उतरले, नेमके पुढच्या, छप्पन्नच्या (विक्रम संवत १९५६ च्या) दुष्काळाच्या तोंडावर. अनाथ पोरांचे लोंढे आले. अनाथाश्रम निघाले, शाळा, दवाखाना, कुष्ठधाम निघालं. ही पोरं मोठी झाली, त्यांची आपापसांत लग्नं झाली. त्यांना जमीन हवी, म्हणून मिशनने १९०६ च्या सुमारास बालोदगहन हे अख्खं गाव विकत घेतलं. मध्य प्रांतात गाव घेणं म्हणजे मालगुजार, म्हणजे गावाचा सारा भरणारा जमीनमालक, होणं. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातली ती जुनी पद्धत विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. सनद शोधता शोधता जगभर फिरलेला पंथ छत्तीसगडमध्ये स्वतःच मालगुजार झाला. कूळ ख्रिस्ती, मालक मिशन.

दुष्काळाने ज्यांची जात आणि गोत दोन्ही पुसली होती, त्या मुलांना तिथे 'मेनोनाइट' हे नवं गोत मिळालं. मी गेलो तेव्हा तिसऱ्या-चौथ्या पिढीतली माणसं भेटली. मिशन कंपाउंडमध्ये वाढलेली, मिशनच्या शाळेत शिकलेली, धमतरीच्या ख्रिश्चन हॉस्पिटलात नोकरी, सोयरीक चांपा-जांजगीरच्या मेनोनाइटांत. (चांपाला दुसऱ्या एका मेनोनाइट शाखेचे पी. ए. पेनर १९०० च्या सुमाराला आले होते.) एका निवृत्त शिक्षकांना मी आडनावावरून काही विचारलं, तर ते हसून म्हणाले, "साहब, हमारा तो कंपाउंड ही गाँव है, कंपाउंड ही बिरादरी।" मला त्या क्षणी मोलोच्ना आठवलं. माझं सुटसुटीत वाक्य तिथेच मोडलं.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. अहिंसा हा ज्यांचा पाचशे वर्षांचा धर्म, त्यांच्या दारात १९२० मध्ये गांधीजींच्या वाटेने, कालव्याच्या पाणीपट्टीविरुद्ध, कंडेल नहर सत्याग्रह झाला, धमतरीपासून काही मैलांवर. पण अमेरिकन मिशनऱ्यांना इथे राहायचं तर राजकारणापासून दूर राहण्याची हमी सरकारला द्यावी लागे. ते दूर राहिले. इतिहासाने दोन अहिंसावाद्यांना एका तालुक्यात आणून सोडलं आणि मधे पुन्हा एक सरकारी कागद आला.

महाराष्ट्रात मेनोनाइट मंडळ्या अशा नाहीत. पण यवतमाळला १९५३ मध्ये उभ्या राहिलेल्या आणि १९८३ मध्ये पुण्यात आलेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत मेनोनाइट मंडळ्यांचाही वाटा आहे. धमतरी आणि महबूबनगरचे अनेक पाळक तिथेच शिकले.

सनद न मिळता हा पंथ कसा दिसतो, हे पाहायचं तर इथिओपियाकडे बघा. तिथल्या मंडळीचं नाव मेसेरेते क्रिस्टोस, अर्थ 'ख्रिस्त हा पाया'. नावात मेनो नाहीच. १९८२ मध्ये कम्युनिस्ट राजवटीने तिच्यावर बंदी घातली, इमारती घेतल्या, पुढारी तुरुंगात टाकले. तेव्हा सदस्य पाच हजारांच्या आसपास. लोक घराघरांत लहान गटांनी जमू लागले, बऱ्याच गटांच्या पुढारी बायका. १९९१ मध्ये बंदी उठली तेव्हा ते चौतीस हजार झाले होते, आणि आज ही मंडळी कॅनडा-अमेरिकेतल्या कुठल्याही मेनोनाइट मंडळीपेक्षा मोठी आहे. जावामध्ये तर एक शाखा मध्य जावातल्या कुदुस गावच्या ती सिएम तात या चिनी वंशाच्या व्यापाऱ्याने सुरू केली. जगभर या कुळातले बाप्तिस्मा घेतलेले लोक आज वीस लाखांहून अधिक आहेत आणि त्यातले बहुसंख्य आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतले. आणि जिथून मेनो आला त्या नेदरलँड्समध्ये ते स्वतःला मेनोनाइट म्हणतच नाहीत, 'डोप्सखेझिंड' म्हणतात, म्हणजे बाप्तिस्म्याच्या मताचे. तिथे १९११ मध्येच त्यांनी एका स्त्रीला पाळक केलं. प्लाउटडीच, घोडागाडी, डोक्यावरचा रुमाल, यातलं काही त्यांना सांगितलं तर ते तुमच्याइतकेच चकित होतील.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं रोकडं उत्तर: स्टाइनबाखमध्ये ती जातही आहे आणि पंथही, आणि एकच माणूस दोन्हींपैकी एक सोडून दुसरं ठेवू शकतो. महबूबनगरात तो पंथ आहे, जात त्याखाली जुनीच आहे. धमतरीत पंथाची नवी बिरादरी झाली. अदिस अबाबात तो निव्वळ पंथ आहे. देश तो कुठेच नाही, पण बरेच दिवस ते सरकारांशी देशासारखे करार करत राहिले. 'खरं कोण' याच्या भानगडीत मी पडत नाही. १८६४ मध्ये झारचे कारकून पडले तेवढं पुरे.

आजींना पुढच्या खेपेला 'तुम्ही चर्चला का जात नाही' असं विचारू नका. 'तुमची माणसं खोर्टित्साची की मोलोच्नाची, १८७४ ची की १९२० नंतरची?' असं विचारा. सहकाऱ्यालाही जवळ बसवा आणि त्याच्याकडून नलगोंड्याच्या फ्रीझनची गोष्ट काढा. आडनाव कानावर पडताच आजी खेळायला बसतील. रविवारी दुपारी चारच्या सुमाराला जमवा. त्या वेळी पाव, चीज, जॅम आणि कॉफी मांडून गप्पा मारायची त्यांची जुनी रीत आहे, तिला 'फास्पा' म्हणतात. उन्हाळा असेल तर कलिंगडाबरोबर रोलकूखन हा तळलेला पदार्थ मागा. आपल्या शंकरपाळ्याचा मोठा भाऊ आहे तो, फक्त गोड नाही.